चौथ्या भिंतीला

मी ड्रम वाजवतो, प्रेअरी अँड सन्समध्ये.
आमच्यात कुणी प्रेअरी नाही, कुणी कुणाचा मुलगाही नाही.
गॉर्डन हेस्केथ गातो टेक्सासच्या धुळीवर,
सत्तावीस वर्षं ॲक्रिंग्टनमध्ये
पहाटे दारोदार दूध टाकलेला माणूस.
टेक्सास त्याने पाहिलेलं नाही.
धूळही बेताचीच; आमच्याकडे चिखल जास्त.

फ्लीटवुडचा हॉल, मंगळवार, साडेसात.
बाहेर समुद्र, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा.
आत पासष्ट हॅट,
लॉटरीच्या बक्षिसाला बिस्किटांचा डबा,
आणि फरशीवर टॅल्कम पावडर,
बूट घसरावेत इतपत,
माणूस घसरू नये इतपत.

आमच्याकडे कुणी बघत नाही, हे आधी सांगून ठेवतो.
नाच चार भिंतींचा असतो.
बत्तीस मात्रा भरल्या की अख्खा हॉल पाव वळतो.
आधी उजवे खांदे दिसतात,
मग पाठी,
मग डावे खांदे,
चौथ्या भिंतीला चेहरे.
तेवढ्यात मी हसून घेतो.
बाकी वेळ पाठी वाचतो:
कुणाचा गुडघा बदललाय,
कुणाचं घरी बिनसलंय,
कोण ओठांत आकडे मोजतंय अजून.

एकदा ब्रॉनवेनला फिडलवर काहीतरी सुचलं.
सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.
चार मात्रा जास्त घेतल्या तिने,
आणि पासष्ट डावे पाय हवेत लटकले.
मध्यंतरात आयरीन बिकरस्टाफ आली,
गळ्यात शिट्टी नसते तिच्या, पण असल्यासारखी वाटते.
म्हणाली, "पोरी, इथे सुचायचं नाही.
सुचायचं ते घरी."
तेव्हापासून आम्ही घड्याळासारखे.

मेव्हिस एन्टविसल
तिसऱ्या रांगेत, माझ्या उजवीकडून दुसरी.
लाल बूट, कॅटलॉगमधून मागवलेले, अर्धा नंबर मोठे.
मासे धुरावण्याच्या कारखान्यात उभी राहिलेली
एकतीस वर्षं, एकाच जागी,
म्हणून वळताना जरा जास्तच वळायची.

जानेवारीत ती आली नाही.
फेब्रुवारीत आयरीनने माइकवर सांगितलं,
एका वाक्यात,
आणि त्याच श्वासात पुढच्या नाचाचं नाव.
जागा कुणी भरली नाही. ठरवून नसावं.
दोघींमध्ये एक हात अंतर असतं, ते तीन हात झालं, एवढंच.
पण जागाही वळते.
खिडकीच्या भिंतीला ती आली दुसऱ्या रांगेत,
पुढच्या वळणाला पुन्हा मागे,
मग आणखी मागे,
आणि चौथ्या भिंतीला
थेट माझ्यासमोर,
टॅल्कमवर एकही ठसा नसलेली.

शेवटचं गाणं बसवरचं होतं.
गॉर्डनचं स्वतःचं, आमच्या इकडचं एकमेव:
ऑझवॉल्डट्विसलच्या थांब्यावर न आलेली बस.
मेव्हिसला ते फार आवडायचं, तिचा थांबा तोच होता लहानपणी.

चेहरे आमच्याकडे. बत्तीस भरल्या.
आणि मी समेवर आलोच नाही.
चुकलो म्हणा. मी तरी तसंच म्हणतो.
काठी नुसती ड्रमच्या कडेवर:
टक. टक. टक. टक.
गॉर्डनने तोंड उघडून मिटलं.
ब्रॉनवेनचा गज तारेच्या वर, अधांतरी.
समोर चौसष्ट माणसं,
एकाचाही पाय हवेत नाही.
सगळे उभे, दोन्ही टाचा खाली,
बस येईल म्हणून उभं राहतात तसे.
मग मी आलो, आणि तेही आले.

सामान गाडीत भरताना आयरीन आली.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
म्हणाली, "त्या चार राहू देत.
पुढच्या मंगळवारपासून शिकवते."

परवा प्रेस्टॅटिनच्या कॅम्पात तेच गाणं वाजवलं.
तीनशे माणसं, कुठून कुठून आलेली,
मेव्हिसचं नाव कुणी ऐकलेलं नाही.
बरोबर तिथे थांबली.
का, ते विचारत नाही कुणी;
पायऱ्यांच्या कागदावर लिहिलेलंच असतं: चार मात्रा, थांबा.
काही जण तेवढ्यात हॅट सारखी करतात.